आधी पैशाचं बघा, मग प्रवेशाचं
मराठवाड्यात तिशी-चाळिशीत पुन्हा शिकायला निघालेल्यांसाठी

अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागलेली बाई आता सेविका व्हायचं म्हणून बारावी करायला निघते, कारण त्या पदाला बारावीच लागते. वाळूजच्या कंपनीत दहा वर्षं काढलेल्या माणसाला बढतीसाठी पदवी हवी असते. दहावीच्या गणितात अडकून लग्न झालेल्या बाईची पोरगी आता आठवीत गेलेली असते आणि आईला वाटतं, पोरीच्या आधी आपण दहावी काढावी. असे लोक पहिला प्रश्न विचारतात तो वयाचा: "या वयात प्रवेश देतील का?" देतात. वयाची अडचण लोकांना वाटते तेवढी नसते. अडचण असते ती पैशाची, आणि तो प्रश्न मात्र बहुतेक जण प्रवेश घेऊन झाल्यावर विचारतात.

तोवर उशीर झालेला असतो. शिष्यवृत्ती मिळणार की नाही, वसतिगृहाचा भत्ता मिळणार की नाही, हे तुम्ही कोणत्या दारानं आत गेलात यावर ठरतं. बाहेरून परीक्षा देणाऱ्याला एक नियम, मुक्त विद्यापीठवाल्याला दुसरा, रोज वर्गात बसणाऱ्याला तिसरा. म्हणून हा लेख प्रवेशाच्या अर्जाच्या आधी वाचायचा आहे.

दार कोणतं, ते आधी ठरवा

दहावी किंवा बारावी राहिली असेल तर दोन मुख्य वाटा आहेत. पहिली राज्य मंडळाची, म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म. खासगी विद्यार्थी म्हणून ऑनलाइन अर्ज भरायचा, जवळची शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय संपर्क केंद्र म्हणून निवडायचं, कागद तिथं नेऊन द्यायचे आणि फेब्रुवारी-मार्चची परीक्षा नियमित मुलांसोबत द्यायची. मराठवाड्यात मंडळाची दोन विभागीय कार्यालयं आहेत. लातूर विभागात लातूर, नांदेड आणि धाराशिव येतात. बाकीचे पाच जिल्हे छत्रपती संभाजीनगर विभागात. हा फॉर्म पावसाळ्यातच भरायचा असतो. दिवाळीनंतर चौकशीला गेलात तर विलंब शुल्क पडतं, आणि त्याचीही मुदत संपली की वर्ष गेलं.

दुसरी वाट एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. दहावीसाठी वय किमान १४, बारावीसाठी १५, आणि वरची मर्यादा कसलीच नाही. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षं चालते, त्यामुळे पाचही विषय एका दमात काढावे लागत नाहीत. दोन या वेळी, दोन पुढच्या वेळी, असं करता येतं. आधी राज्य मंडळाच्या परीक्षेत काही विषय सुटले असतील तर त्यातले दोनपर्यंत विषयांचे गुण इकडं धरून घेता येतात. आणि दहावीला गणित घ्यायलाच हवं असं नाही. पण पुढं आयटीआयचा तांत्रिक ट्रेड किंवा पॉलिटेक्निक डोक्यात असेल तर गणित सोडू नका, तिथं ते विचारतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना मी एनआयओएसच सुचवतो. बीड, धाराशिव, जालना, परभणीकडच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच, घरी येतात. राज्य मंडळाची परीक्षा नेमकी कारखाना चालू असताना येते. मुकादमाकडून उचल घेतलेल्या माणसाला फडातून परीक्षेसाठी आठ-पंधरा दिवस सोडत नाहीत, आणि सोडलं तरी खाडे पडतात. एप्रिल-मेची परीक्षा त्यांना झेपते. तोवर बहुतेक माणसं गावात परतलेली असतात.

चौथी-पाचवीतच शाळा सुटलेल्यांनी थेट दहावीचा हट्ट धरू नये असं माझं मत आहे. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळातून पाचवी आणि आठवीची परीक्षा देता येते. अगदी अक्षरओळखीपासून सुरुवात असेल तर १५ वर्षांपुढच्यांसाठी 'उल्लास' हा साक्षरता कार्यक्रम जिल्हा परिषदेच्या शाळांतून चालतो. गावातल्या गुरुजींना विचारा, पैसे लागत नाहीत.

बारावीनंतरच्यांसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ साली ते सुरू झालं. मराठवाड्यात त्याची विभागीय केंद्रं छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडला आहेत, आणि अभ्यासकेंद्रं तालुक्याच्या महाविद्यालयांत. सुट्टीच्या दिवशी संपर्क सत्रं असतात, म्हणून कामावर जाणाऱ्याला हे जमतं. हातात कसब हवं असेल तर आयटीआयकडं बघा. तिथं वयाची वरची मर्यादा नाही, आणि काही ट्रेड दहावी नापासांनाही मिळतात. नर्सिंगचं मात्र वेगळं आहे. एएनएम आणि जीएनएमला ३५ वर्षांची मर्यादा आहे. चौतिसाव्या वर्षी "पुढच्या वर्षी बघू" म्हणायची सोय तिथं नाही.

एक धोक्याची गोष्ट. "एका वर्षात पदवी, परीक्षेला यायचीही गरज नाही" असं सांगणारे लोक बसस्टँडजवळच्या गाळ्यात भेटतात. अशा ठिकाणी भरलेला पैसा बुडतोच, शिवाय ते प्रमाणपत्र कुठं दाखल केलं तर गुन्हा अंगावर येऊ शकतो. दूरस्थ पदवी देणाऱ्या मान्यताप्राप्त विद्यापीठांची यादी यूजीसीच्या संकेतस्थळावर असते. पाच मिनिटं लागतात, बघून घ्या.

कागद: सगळ्यात कंटाळवाणं काम, म्हणून सगळ्यात आधी

वीस वर्षांनी शाळेत परतणाऱ्याचे कागद वीस वर्षांपूर्वीच्या नावाचे असतात. टीसी शाळेतून काढलेली नसेल तर काढा. हरवली असेल तर दुय्यम प्रत मिळते, त्यासाठी प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. शाळाच बंद पडली असेल तर तिचं दप्तर कुठं गेलं हे तालुक्याच्या गटशिक्षण कार्यालयात कळतं. तिथून प्रवेश निर्गम उतारा, म्हणजे शाळेच्या नोंदवहीतल्या तुमच्या नावाची नक्कल, मागा.

बायकांच्या बाबतीत टीसीवर माहेरचं नाव असतं आणि आधारवर सासरचं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र असेल तर बहुतेक ठिकाणी भागतं. ते नसेल तर आधी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंदणी करून घ्या. राजपत्रात नाव बदलून घेण्याचा सल्ला सेतूवाले सर्रास देतात. तो खर्च करण्याआधी ज्या शाळेत किंवा केंद्रात प्रवेश घ्यायचा आहे तिथं विचारा की विवाह प्रमाणपत्र चालतं का. मी तर म्हणेन, माहेरच्या नावानंच शिक्षण पूर्ण करा. आधीची गुणपत्रिका आणि नवी गुणपत्रिका एका नावाची राहते.

मधल्या वर्षांसाठी गॅप सर्टिफिकेट लागतं. शिक्षण का थांबलं आणि त्या काळात दुसरीकडं कुठं प्रवेश घेतला नव्हता, एवढंच त्यात लिहायचं. शाळा-कॉलेज आणि शासकीय कार्यालयात द्यायच्या जात, उत्पन्न, रहिवासी अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला ५०० रुपयांचा स्टँप लागत नाही, हे २०२५ मध्ये महसूल विभागानं पुन्हा स्पष्ट केलं आहे. तरीही स्टँप आणायला सांगणारे भेटतात. साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र का चालत नाही, हे त्यांना लेखी विचारलं की सूर बदलतो.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. तलाठ्याचा अहवाल, रेशनकार्ड, आधार घेऊन महा-ई-सेवा केंद्रात किंवा स्वतः आपले सरकार पोर्टलवर अर्ज करता येतो. दाखला ३१ मार्चपर्यंत चालतो, म्हणून फेब्रुवारीत काढून ठेवलेला दाखला जूनमध्ये उपयोगी नाही. एप्रिल उजाडल्यावर काढा, मेपर्यंत. जूनमध्ये सगळी लेकरं दहावी-बारावीचा निकाल घेऊन त्याच खिडकीला उभी असतात.

दाखला कुणाच्या नावाचा, यात मोठ्या वयाचे लोक हमखास अडतात. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत आई-वडिलांचं उत्पन्न धरतात, पण विद्यार्थिनी विवाहित असेल आणि स्वतः कमावत नसेल तर नवऱ्याचं. माहेरच्या सात-बाराचा त्यात संबंध येत नाही. स्वतः नोकरी करणारा असेल तर त्याचं आणि पालकांचं मिळून उत्पन्न मर्यादेत बसावं लागतं, आणि बसलं तरी त्याला परत न मिळणाऱ्या फीचीच भरपाई मिळते, निर्वाहभत्ता मिळत नाही. हे आधी माहीत असलं की पुढचा हिशोब चुकत नाही.

जातीच्या दाखल्याचं आपल्याकडं जरा जास्तच लांबतं. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा मागतात. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आजोबा-पणजोबांच्या शाळेची नोंद, खासरा पत्रक किंवा जुना महसुली कागद उर्दूत सापडतो, कधी मोडीतही. तो घाबरून बाजूला टाकू नका. पुष्कळदा सगळ्यात भक्कम पुरावा तोच असतो. अधिकृत भाषांतर करून घ्या आणि मूळ कागदाची छायांकित प्रत सोबत लावा. लग्न झालेल्या बाईला जातीचा पुरावा वडिलांकडूनच द्यावा लागतो, म्हणजे माहेरी एक खेप ठरलेलीच. भावाच्या किंवा चुलत्याच्या हातात जात पडताळणीचं प्रमाणपत्र असेल तर निम्मं काम झालं समजा. दिवाळीला माहेरी जाल तेव्हा हेही घेऊन या.

बँक आणि मोबाईल

शासनाचे बहुतेक पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात. तुम्ही अर्जात कोणता खाते क्रमांक लिहिला याला फारसा अर्थ नसतो. आधारशी शेवटचं जे खातं जोडलं गेलं, पैसा तिकडं जातो. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते. नवऱ्याच्या नादात कधीतरी उघडलेल्या आणि आता विसरलेल्या खात्यात शिष्यवृत्ती पडलेली मी पाहिली आहे. आधारला जोडलेला मोबाईल स्वतःचा असावा. घरात एकच फोन आणि तो शेतात गेलेल्या माणसाच्या खिशात असेल तर ओटीपीसाठी दिवस जातो.

महाडीबीटी: इथं खरा पैसा आहे

दहावीनंतरच्या शिक्षणासाठी राज्यातल्या बहुतेक शिष्यवृत्त्या महाडीबीटी पोर्टलवरून मिळतात. लक्षात घ्या, सतरा नंबरनं किंवा एनआयओएसनं दहावी करताना इथं काही मिळत नाही. ती फी स्वतःच भरायची असते. एनआयओएस मात्र महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना फीमध्ये सवलत देतं. दुष्काळ जाहीर झालेल्या भागात दहावी-बारावीची परीक्षा फी माफ करण्याचा निर्णय शासन घेत असतं, आणि आपल्या भागात दुष्काळ काही नवा नाही. तुमचं महसूल मंडळ यादीत आहे का आणि खासगी विद्यार्थ्याला ती माफी लागू होते का, एवढं संपर्क शाळेत विचारून घ्या.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत लागतं. पात्रतेच्या अटींत वय नाही. चाळिशीतला माणूसही अर्ज करू शकतो. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप आहे, त्यात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सुटतं. पत्राद्वारे किंवा दूरस्थ शिक्षण घेणाऱ्यांचा विचारही या शिष्यवृत्तीच्या नियमांत केलेला आहे. म्हणून मुक्त विद्यापीठात प्रवेश घेताना अभ्यासकेंद्रावर स्पष्ट विचारा की हा अभ्यासक्रम आणि हे केंद्र महाडीबीटीवर आहे का. "नंतर बघू" असं उत्तर आलं तर दुसरं केंद्र शोधा.

मोठ्या वयात परतणाऱ्यांसाठी एक नियम विशेष महत्त्वाचा आहे. एकाच पातळीचं शिक्षण दुसऱ्यांदा केलं तर शिष्यवृत्ती मिळत नाही. बी.ए. झालंय आणि आता बी.कॉम. करायचंय, तर पैसे मिळणार नाहीत. एक व्यावसायिक पदवी पूर्ण करून दुसऱ्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं असेल तर शिष्यवृत्ती मिळते का, हे प्रवेशाआधीच विचारून घ्या. पदवी अर्धवट राहिली असेल तर आधी घेतलेल्या शिष्यवृत्तीचं काय झालं हे जुन्या महाविद्यालयातून समजून घ्या.

ओबीसी, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गांच्या योजना त्याच पोर्टलवर आहेत, त्यांच्या उत्पन्नमर्यादा वेगळ्या. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, आठ लाखांच्या उत्पन्नमर्यादेची. मुलींसाठी २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्यात ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुली येतात, उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. शासन निर्णयात 'मुली' असा शब्द असला तरी पस्तिशीतल्या बाईनं त्यात मागं राहायचं कारण नाही. आणखी एक अट, प्रवेश केंद्रीय प्रवेश फेरीतून म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की या सगळ्यावर पाणी.

अर्ज भरून झाला की काम संपत नाही. तो आधी महाविद्यालयाच्या लॉगिनला जातो, मग जिल्ह्याच्या कार्यालयाकडं. मध्येच 'त्रुटी' म्हणून परत येतो आणि मेसेज येतोच असं नाही. आठवड्याला एकदा स्वतः उघडून बघा. शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळणाऱ्या लिपिकाशी ओळख ठेवा. भांडण प्राचार्यांशी केलं तरी चालेल, पण या माणसाशी नको. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, आपोआप काही होत नाही. आणि अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत महाविद्यालयाच्या फीचा वाटाही तुमच्या खात्यात येतो. बियाणं-खताच्या दिवसांत खात्यात मोठी रक्कम दिसली की हात पुढं जातो, पण ती कॉलेजला भरायचीच असते.

गाव सोडून शहरात राहून शिकणार असाल आणि शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही, तर अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी स्वाधार योजना आहे. छत्रपती संभाजीनगरसारख्या विभागीय शहरात वर्षाला ५१,००० रुपये, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आणि आदिवासींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना त्याच धर्तीवर आहेत. या भत्त्यांना गुणांची अट असते, शिवाय शिकताय त्याच शहरात घर असेल तर मिळत नाही. शिक्षणातल्या खंडाबद्दल आणि वयाबद्दल समाजकल्याण कार्यालयात आधीच विचारा. मोठ्यांचे अर्ज त्यातच अडकतात.

घरात आधीच येणारा पैसा बंद होईल का?

बायका हा प्रश्न हळू आवाजात विचारतात, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कॉलेजात नाव घातलं म्हणून रेशन बंद होत नाही. लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या बाईला मिळतात, आणि त्याच्या अपात्रतेच्या यादीत 'शिक्षण घेते' असं काही नाही. संजय गांधी निराधार योजनेत विधवा, परित्यक्ता, दिव्यांग अशांना महिन्याला पैसे मिळतात: साधारण १,५००, दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५००. तोही शिक्षणामुळं थांबत नाही.

गोची वेगळीच आहे. निराधार योजनेची उत्पन्नमर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे, दिव्यांगांसाठी ५०,०००. शिष्यवृत्तीला अडीच लाख चालतात म्हणून सेतूवाला सहज साठ-सत्तर हजारांचा दाखला काढून देतो. एकाच बाईचे एकाच वर्षाचे दोन दाखले दोन आकड्यांचे, हे तहसीलच्या संगणकावर लगेच दिसतं, आणि चौकशी झाली तर निराधारचं अनुदान आधी थांबतं. जो खरा आकडा असेल तोच सगळीकडं द्या. शिक्षण संपून नोकरी लागली आणि उत्पन्न वाढलं तर अनुदान जाईल, ते बरोबरच आहे. पण तोवर सोडू नका.

नवरा वारलेल्या किंवा टाकून दिलेल्या बाईनं आणखी एका योजनेची चौकशी करावी, बालसंगोपन योजनेची. एकल पालकाच्या १८ वर्षांखालच्या मुलामागं महिन्याला २,२५० रुपये मिळतात, दोन मुलांपर्यंत. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. आईच्या शिक्षणासाठीची ही योजना नाही. पण आई परीक्षेला बसते तेव्हा लेकरांच्या वह्या-दुधाची सोय कोण करतं? घरखर्चाचा एक भाग इथून निघाला तर फीला हात मोकळा होतो.

गवंड्याची बायको, बिगारी बाई

इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडं नोंदणी असेल तर मुलांच्या शिक्षणासाठी पैसे मिळतात, हे गावोगाव माहीत आहे. कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट अशी की पदवीसाठीचं वर्षाचं २०,००० रुपयांचं साहाय्य नोंदणीकृत कामगाराच्या पत्नीलाही लागू आहे. मर्यादा दोन पाल्यांची किंवा पत्नीची. मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र, वय १८ ते ६०, आणि नोंदणी जिवंत असावी लागते. नूतनीकरण विसरलं की अर्ज पहिल्याच टप्प्यावर परत येतो. नोंदणीचं शुल्क एक रुपया आहे. हजार-दोन हजार मागणाऱ्याला हे सांगा. आणि न केलेल्या कामाचं ९० दिवसांचं प्रमाणपत्र विकत घेऊ नका. अशा नोंदी तपासून रद्द होतात, त्यात खऱ्या कामगाराचंही नुकसान होतं.

पैसे यायच्या आधीचे महिने

शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी खात्यात उशिरा येते, कधी वर्ष संपताना. प्रवेशाची फी, पुस्तकं, येण्या-जाण्याचं भाडं तोवर कुठून आणायचं? बचत गटात असाल तर गटाचं अंतर्गत कर्ज पहिलं. व्याज गटालाच मिळतं आणि हप्ता ओळखीच्या बायकांना द्यायचा असतो. आठवड्याच्या हप्त्याच्या खासगी फायनान्सकडून शिक्षणासाठी उचलू नका. पाच-सहा हजारांच्या फीसाठी सुरू झालेली ती साखळी परीक्षेच्या आठवड्यातही दारात उभी असते. नियमित महाविद्यालयात असाल तर 'कमवा व शिका' आहे का विचारा. ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात ताशी काम असतं, त्यात वयानं मोठ्या विद्यार्थ्याला लाज वाटण्यासारखं काही नाही.

मोठ्या अभ्यासक्रमासाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून मागता येतं. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, सहकर्जदार लागतो, आणि विवाहितांसाठी तो नवरा, बायको किंवा सासू-सासरे असू शकतात. सहकर्जदाराचं पीककर्ज थकलेलं असेल तर बँक मागं सरते, म्हणून घरात ज्याचं खातं नियमित आहे त्याचंच नाव पुढं करा. ओबीसी महामंडळाच्या शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजनेला वय १७ ते ३० अशी अट आहे. तिशी ओलांडलेल्यांनी तिच्या भरवशावर कर्ज काढू नये.

येणं-जाणं आणि परीक्षा

एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. सत्रासाठी तालुक्याला जाणाऱ्या बाईला वेगळ्या पासची गरज फारशी पडत नाही. दिव्यांग उमेदवारांनी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आधीच काढून ठेवावं. परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि गरज असेल तर लेखनिक मिळतो, पण त्याची परवानगी परीक्षेच्या बरीच आधी मागावी लागते. हॉल तिकीट हातात आल्यावर नाही.

अडकलं तर

महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे. मुदत उलटली किंवा कारण न देता अर्ज फेटाळला, तर आपले सरकार पोर्टलवरूनच अपील करता येतं, त्याला वकील लागत नाही. यासाठी अर्ज करतानाची पावती हवी. तोंडी चौकशी केलेल्याला तारीख नसते आणि तारीख नसली की अपीलही नसतं. महाविद्यालयानं शिष्यवृत्तीचा अर्ज पुढं पाठवला नाही तर प्राचार्यांना लेखी पत्र द्या, आवक क्रमांक टाकून घ्या, आणि त्याची प्रत समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडं द्या. योजना ओबीसी किंवा भटक्या-विमुक्तांची असेल तर इतर मागास बहुजन कल्याणच्या जिल्हा कार्यालयात. महाडीबीटीची मुदत वाढते कधीकधी, पण त्या आशेवर थांबू नका. शेवटच्या आठवड्यात सर्व्हर चालत नाही, आणि चालला तरी सेतूवाल्याकडं रांग असते.